जोतीरामचा अंगठा

तालीम रंगात आली असताना संगमेश मध्येच थांबला. हातातली पिवळी पेटी त्यानं उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, अंगठा कुठं ठेवू?"

समोरच्या बाकावर नाटकाची संहिता मांडीवर घेऊन बसलेल्या वर्षाराणी इंगवलेला प्रश्न नेमका कळला. कळला म्हणूनच तिला लगेच उत्तर देता येईना.

ती पेटी म्हणजे रंगवलेला लाकडी ठोकळा होता. त्यावर दोन बटणं चिकटवलेली, एक वर, एक खाली. खऱ्या कारखान्यात अशी पेटी क्रेनवरून केबलनं खाली लोंबत असते आणि जमिनीवर उभा राहिलेला माणूस ती हातात धरून क्रेन चालवतो. वरचं बटण दाबलं की वितळलेल्या लोखंडानं भरलेली बादली वर जाते, खालचं दाबलं की खाली येते. दोन्ही सोडली की बादली आहे तिथं थांबते. म्हणजे ब्रेक धड असेल तर थांबते.

पंधराएक वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, अशीच एक भरलेली बादली अधांतरी असताना एकाएकी खाली आली, साच्याच्या कडेवर आदळून कलंडली आणि आतला रस सांडला. वितळलेल्या लोखंडाला तिथली माणसं रस म्हणतात. तीन कामगार गेले. पेटी जोतीराम चौगले नावाच्या माणसाच्या हातात होती. तो भाजला, पण वाचला. चौकशी करणाऱ्यांनी लिहिलं की जोतीरामनं चुकून खालचं बटण दाबलं. पाठोपाठ दुसरी पाळी करत होता, त्याला गुंगी आली असावी. युनियननं आणलेला जाणकार म्हणाला की ब्रेक झिजून गेला होता. खरं-खोटं करायला क्रेनच उरली नव्हती. चौकशी संपायच्या आत ती भंगारात गेली होती, आणि पुढं कारखानाही बंद पडला.

या सगळ्यावर विरूपाक्ष शेटे यांनी ‘सांडलेला रस’ नावाचं पुस्तक लिहिलं. शेटे एका स्थानिक दैनिकात कामगारांच्या बातम्या देत निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मेलेल्या माणसांच्या घरी, कोर्टात, भंगारवाल्यांच्या दारात त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले आणि एकही विशेषण न वापरता सगळी हकीगत लिहून काढली. पुस्तक फारसं खपलं नाही, पण ज्यांनी वाचलं त्यांच्या मनातून ते गेलं नाही. वर्षाराणी त्यांच्यातली एक. ती जयसिंगपूरच्या कॉलेजात मराठी शिकवायची आणि संध्याकाळी कोल्हापुरात परतली की हौशी मंडळींना जमवून नाटक बसवायची. पुस्तक तिनं येता-जाता एसटीत वाचलं आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुसऱ्या वाचनात तिला त्यात नाटक दिसायला लागलं होतं.

अण्णांनी परवानगी दिली ती एका अटीवर. पुस्तक तोडा, जोडा, मागचं पुढं करा, रंगभूमीतलं मला काही कळत नाही, असं ते म्हणाले होते. "पण जे मला माहीत नाही, ते तुम्ही माहीत असल्यासारखं दाखवायचं नाही." वर्षाराणीनं हसून मान डोलावली होती. अट तेव्हा सोपी वाटली होती.

पुस्तकातलं तिचं सगळ्यात आवडतं वाक्य असं होतं : ‘त्या क्षणी जोतीरामचा अंगठा कुठे होता, हे मला सांगता येत नाही.’ एवढं सगळं खणून काढणारा माणूस इथं हात टेकतो, आणि टेकले म्हणून उघड सांगतो, याचं तिला फार अप्रूप होतं. वर्गात मुलांना ते वाक्य ती वाचून दाखवायची. पण वाक्याला अंगठा नसतो. संगमेशला होता. तो पेटी घेऊन उजेडात उभा राहणार आणि समोरची सगळी माणसं त्याच्या हाताकडं बघणार.

"आजच्यापुरता कुठंही ठेव," ती म्हणाली.

"असं कसं, मॅडम?" संगमेश बँकेत नोकरी करायचा, शांत, पण एखादी गोष्ट धरली की न सोडणारा. "माझं सगळं उभं राहणंच त्या अंगठ्यावर ठरतंय. मी चुकलेला माणूस करायचा, का अडकवलेला?"

पुढचे काही दिवस वर्षाराणी तेच घेऊन बसली. कॉलेजात तास घेताना, घरी कणीक मळताना तिला तो अंगठा दिसायचा. शेवटी तिनं ठरवलं. त्या प्रवेशात जोतीराम पेटीवरून हात पूर्ण बाजूला घेतो, कपाळावरचा घाम पुसतो, आणि बादली आपणहून खाली निघते. ब्रेक गेला. गरीब माणसाच्या माथी मारलेला दोष निदान नाटकात तरी उतरवावा, असं तिच्या मनानं घेतलं.

एक गाठ सुटली तशी दुसरीही आपोआप सुटली. मेलेल्यांपैकी गणपत नावाच्या कामगाराची बायको शालूबाई पुस्तकात जेमतेम एका परिच्छेदापुरती होती. अपघातानंतर जोतीराम तिच्या दारी गेला, तिनं दार उघडलं, त्याच्याकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं. अण्णांनी एवढंच लिहिलं होतं. वर्षाराणीनं शेवटच्या प्रवेशात ते दार पुन्हा उघडलं. शालूबाई बाहेर येते, बरंच बोलते आणि जोतीरामला म्हणते, तुझा दोष नव्हता रे. हे काम स्वप्नालीकडं होतं. तिनं पहिल्यांदा ते म्हटलं तेव्हा संगमेशपासून प्रकाशवाल्यापर्यंत सगळ्यांचे डोळे भरून आले. नाटक उभं राहिलं, असं वर्षाराणीला वाटलं. तिनं अण्णांना तालीम बघायला बोलावलं.

शहरातलं मोठं नाट्यगृह जळाल्यापासून मंडळी मिळेल तिथं तालमी करत होती. त्या वर्षी मंगळवार पेठेतल्या एका शाळेचा हॉल मिळाला होता. अण्णा पुढच्या खुर्चीत, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून, शेवटपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर सगळे त्यांच्याकडं बघत राहिले. ते उठले, स्वप्नालीजवळ जाऊन म्हणाले की पोरी, तू चांगलं केलंस, आणि वर्षाराणीला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

"ब्रेक गेला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अण्णा, तुमच्याच पुस्तकात आहे."

"माझ्या पुस्तकात दोन्ही आहे."

"दोन्ही आहे. पण तुम्हाला काय वाटतं ते वाचणाऱ्याला कळतंच की."

"वाटतं," अण्णा म्हणाले. "वाटणं निराळं. मी बातमीदार होतो. रोज काय काय वाटायचं मला. ते छापत बसलो असतो, तर कितीजणांची घरं बसली असती."

वर्षाराणीनं त्यांच्याशी वाद घातला. पुस्तकाला ‘माहीत नाही’ म्हणता येतं, नाटकाला येत नाही, असं तिचं म्हणणं. समोर हाडामांसाचा माणूस उभा असतो, त्याला काहीतरी करावंच लागतं. आणि ज्या माणसानं उभा जन्म ठपका वाहिला, त्याला घटकाभर मोकळं केलं तर त्यात कुणाचं काय गेलं?

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"आज तुम्ही त्याला सोडवताय," ते म्हणाले. "उद्या दुसरा कुणी त्याला अडकवून नाटक लिहील. त्यालाही काहीतरी वाटतच असेल. मग त्याला तुम्ही कुठल्या तोंडानं नाही म्हणाल?"

"मग दाखवू काय मी?"

"ते मला सांगता यायचं नाही. तुम्ही जोतीरामला विचारलंत का?"

तिनं विचारलं नव्हतं. ती कुणालाच भेटली नव्हती. पुस्तक तिला इतकं पाठ झालं होतं की त्यातली माणसं कुठंतरी राहतात, जेवतात, म्हातारी होत चाललीत, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला आतून लाज वाटली. रागही आला, आणि तो अण्णांवरच आला, कारण समोर तेच होते.

रविवारी दोघं एसटीनं हातकणंगल्याला गेली. जोतीरामचं घर गावाबाहेर, उसाच्या शेताला लागून होतं. कारखाना सुटल्यावर त्यानं म्हशी घेतल्या होत्या आणि दूध डेअरीला घालून त्याचं चाललं होतं. उंच, हडकुळा माणूस. मानेपासून डाव्या कानापर्यंत भाजल्याची चामडी चकाकत होती. "या पावणं," म्हणून त्यानं घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडं पसरलं. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला आणि ती उंबऱ्यापाशीच बसली. नाटकाचं ऐकून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

वर्षाराणीनं जमेल तसं सांगितलं. कॉलेजात भाषणं करणारी बाई, पण इथं तिला वाक्यं जुळवावी लागत होती. हात बाजूला घेतल्याचा प्रवेश तिनं सांगितला, घाम पुसल्याचं सांगितलं. जोतीराम वैरणीची एक काडी बोटाला गुंडाळत ऐकत होता.

"म्हंजे तुमी मला सोडवलं," तो म्हणाला.

त्यात आभारही नव्हते आणि तक्रारही नव्हती. वर्षाराणीनं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, दादा? नेमकं काय झालं असेल?"

"मला म्हायती न्हाई." त्यानं काडी टाकून दिली. "समद्यांनी इचारलं. सायबांनी इचारलं, पोलिसांनी इचारलं, ह्या अण्णांनी तर कितीदा इचारलं. लोकास्नी वाटायचं, गडी लपवतोय. खरंच म्हायती न्हाई, मॅडम. डोळं मिटलं की दिसतंय. एकदा दिसतंय, अंगठा खालच्या बटणावर हाय. पुन्यांदा दिसतंय, न्हाई, हात मोकळा हाय आन् बादली आपसूक निघाली. दोन्ही खरंच वाटतंय. आधी म्हणायचो, कवातरी एकच दिसाय लागंल. आता तसं म्हणत न्हाई."

उंबऱ्यातून त्याची बायको म्हणाली की नाटकात चांगलं दाखवणार असतील तर दाखवू द्या की, लोकांना एकदा कळू दे. जोतीरामनं तिच्याकडं न बघताच मान हलवली.

"सोडवू नका मला," तो वर्षाराणीला म्हणाला. "मी तिथं येऊन बसायचं, आन् ज्ये मला म्हायती न्हाई त्ये त्या नाटकातल्या पोराला म्हायती. कसं बघू मी त्ये? आन् अडकवूबी नका." मग त्यानं विचारलं, "शालूवैनीला इचारलंसा काय?"

वर्षाराणी नाही म्हणाली.

"त्यास्नी इचारा. मी दवाखान्यातनं सुटल्यावर गेलतो त्यांच्या दारात. पुन्ना गेलो न्हाई."

परतताना एसटीत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते. आता तुम्ही जिंकलात, असं काहीतरी वर्षाराणीच्या ओठावर आलं होतं, पण त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. बऱ्याच वेळानं ते एवढंच म्हणाले, की डोळे मिटल्यावर दोन्ही दिसतं हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

शालूबाई राजारामपुरीत, कॉलेजच्या मुलांच्या एका खानावळीत भाकरी करायची. दुपारची गर्दी ओसरल्यावर वर्षाराणी तिथं गेली. संध्याकाळच्या भाकऱ्यांना अवकाश होता, तरी शालूबाई परातीपाशीच बसली होती. पीठ चाळत होती. बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि चाळण पुन्हा हातात घेतली. वर्षाराणीनं या वेळी काही लपवलं नाही. दार पुन्हा उघडल्याचं, शेवटचं भाषण, सगळं सांगून टाकलं.

"मी माफ केलं असं लिवलंय?"

"हो. म्हणजे नाटकात..."

"मग त्ये काढा."

आवाज चढला नव्हता. चाळण चालूच होती. एक चाळण संपली, तिनं दुसरी भरली. मग शालूबाईनंच सुरुवात केली. इतकी वर्षं येईल त्यानं तिला दोष कुणाचा ते सांगितलं होतं. युनियनची माणसं ब्रेक म्हणायची, कंपनीची माणसं जोतीराम म्हणायची. तिला बटणातलं काही कळत नव्हतं आणि ब्रेकमधलंही नव्हतं.

"मालक मी कधी बघितलाच न्हाई, बाई," ती म्हणाली. "त्येचं तोंड कसलं हाय मला ठावं न्हाई. राग धरायला तोंड लागतंय की. जोतीरामचं तोंड वळखीचं. माझ्या हातचं जेवून गेलेला त्यो. म्हणून त्येच्यावर धरला. आजून हाय. पयल्यासारखा न्हाई, पर हाय. तुमच्या मनातलं माझ्या तोंडात घालू नगासा."

उठताना वर्षाराणीनं विचारलं, प्रयोगाला याल का? शालूबाई म्हणाली, बघू, पोरांची जेवणं उरकली तर.

भाषण काढल्याचं सांगितलं तेव्हा स्वप्नाली रडली आणि मग चिडली. नाटकातलं सगळ्यात चांगलं तेच काढताय, आता माझ्या वाट्याला राहिलं काय, दार उघडायचं आणि लावायचं? वर्षाराणी हो म्हणाली, एवढंच राहिलं. आणि तेवढंच झालंय. बादलीच्या प्रवेशात तिनं आधी नेमक्या क्षणी अंधार करून पाहिला. सोपा उपाय होता. प्रकाश गेला, आवाज झाला, प्रकाश आला की सगळं संपलेलं. संगमेशनं दोनदा करून बघितलं आणि पेटी खाली ठेवली.

"मॅडम, हे म्हणजे आपण अंगठा लपवतोय," तो म्हणाला. "लपवला की लोकांना वाटणार, ह्यांना माहीत आहे आणि सांगत नाहीत."

त्याचं बरोबर होतं. वर्षाराणी घरी गेली ती हातकणंगल्याच्या सोप्यातलं बोलणं आठवत. जोतीरामनं उत्तर तिच्यासमोर ठेवलं होतं. ती दुसरंच काही शोधत बसली होती म्हणून तिला ते दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मंडळींना सांगितलं की प्रवेश दोनदा करायचा. एकदा अंगठा खालच्या बटणावर जातो, बादली येते, रस सांडतो, तिघं पडतात. मग तिघं उठून आपापल्या जागी जातात, जोतीराम पुन्हा पेटी धरतो. या वेळी हात मोकळा असतो. बादली येते, रस सांडतो, तिघं पडतात. काही समजावून सांगायचं नाही, पुढं चौकशीचा प्रवेश. संगमेशनं पेटी हातात घेऊन दोन्ही प्रकार करून बघितले. नंतर त्यानं सांगितलं की जोतीरामचं काम कसं करायचं ते आता कळलं.

हौशी नाट्यस्पर्धेसाठी पहिला प्रयोग थंडीत झाला, एका कॉलेजच्या सभागृहात. अण्णा पुढच्या रांगेत होते. जोतीराम आला नाही. म्हशींच्या धारा काढायच्या आहेत, असा निरोप आला. खानावळीतल्या दोन बायकांबरोबर शालूबाई आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. विंगेतून वर्षाराणीला ती दिसत होती; पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पाय वर घेतलेले.

पहिल्यांदा बादली कलंडली तेव्हा धातूचा आवाज सभागृहभर घुमला. लाल प्रकाश भिंतीवर चढला, तिघं पडले. मग तिघं उठून जागेवर जायला लागले, आणि पुढं काय होणार ते प्रेक्षकांच्या ध्यानात यायला लागलं. वर्षाराणीच्याही ध्यानात तेव्हाच आलं. इतक्या तालमी झाल्या, अंगठ्याचा इतका काथ्याकूट झाला, पण गणपतच्या बायकोला आपण नवऱ्याचं मरण दोनदा बघायला लावणार, हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. प्रयोग थांबवता येणार नव्हता. संगमेशनं पेटी धरली. शालूबाई खुर्चीतून उठली आणि बाहेर गेली.

नाटक पुढं सरकलं. स्वप्नालीनं दार उघडलं, बघितलं, लावलं. पडदा पडल्यावर वर्षाराणी कुणालाही न भेटता बाहेर धावली. शालूबाई सभागृहाच्या पायऱ्यांवर बसली होती. बरोबरच्या बायका जरा लांब उभ्या होत्या.

"चुकलं माझं," वर्षाराणी म्हणाली. "तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं."

"सांगाय पायजे व्हतं," शालूबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "एकदा मेला तवा तोंड दाबून बसलो. दुसऱ्यांदा उठून आपल्या जाग्यावर चालला, तवा वाटलं, ह्येला आता कुणीतरी सांगाय पायजे. हाक मारून बसंन, म्हणून उठलो."

वर्षाराणी तिच्या शेजारी पायरीवर बसली. आतून माणसं बाहेर पडत होती, गाड्या सुरू होत होत्या.

"पंधरा वर्सं मी एकच बघत आलो," शालूबाई पुढं म्हणाली. "जोतीराम बटण दाबतोय, ह्यो मरतोय. आज बाहेर आलो तरी दुसऱ्या येळचा आवाज ऐकू आला. अंगठा कुठंबी असू दे, बाई. ह्यो मेलाच की." मग तिनं विचारलं, "जोतीराम आलाय काय?"

"नाही आले. म्हशी आहेत त्यांच्या."

"दुभत्या हायत?"

"असतील. दूध घालतात डेअरीला."

शालूबाईनं मान हलवली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि बायकांबरोबर रिक्षाकडं गेली. वर्षाराणीला ती येते म्हणाली नाही आणि रागही दाखवला नाही.

त्या रात्री अण्णा तिला काही बोलले नव्हते; नुसता हात डोक्यावर ठेवून गेले होते. सकाळी त्यांचा फोन आला. चुका सांगायला केला होता. हेल्मेटचा रंग चुकला आहे, भोंगा तसा वाजत नसे, आणि चौकशीचा अधिकारी मिशा ठेवत नव्हता. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "बाकी जे मला माहीत नाही, ते तुम्हीही माहीत नाही म्हणून दाखवलंत. असं दाखवता येतं हे मला ठाऊक नव्हतं." स्पर्धेत संगमेशला अभिनयाचं बक्षीस मिळालं. नाटकाला काही मिळालं नाही. परीक्षकांचं मत असं पडलं की लेखिका निर्णायक क्षणी भूमिका घेत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला इचलकरंजीत एक प्रयोग ठरला, तेव्हा वर्षाराणी जोतीरामला सांगायला हातकणंगल्याला गेली. या वेळी एकटीच. शालूबाई प्रेक्षकांत असताना बादलीचा प्रवेश दुसऱ्यांदा करायचा का, याचा तिच्या मनात अजून निकाल लागला नव्हता. त्याला विचारावं असंही वाटत होतं. तो गोठ्यात होता. तिला बघून हात धुऊन आला, चहा झाला, आणि ती विषय काढणार तोच तो म्हणाला की शालूवैनी येऊन गेल्या.

वर्षाराणीनं कप खाली ठेवला.

कधीतरी संक्रांतीनंतर, दुपारची, एसटीनं एकटीच आली होती म्हणे. दारात उभी राहिली. जोतीरामची बायको पाणी घेऊन गेली, तिनं घेतलं. सोप्यात बसली. म्हशी बघितल्या. एक म्हैस खूर दुखून लंगडत होती, तिला काय लावता ते विचारलं. चहा घेतला.

"त्या दिवसाचं काही बोलल्या?"

"न्हाई. मीबी न्हाई."

"मग?"

"मग जातो म्हणाल्या. मी म्हटलं स्टँडवर सोडतो. हुं म्हणाल्या. त्या म्होरं, मी मागं, असं चालत गेलो. गाडी लौकर आली न्हाई. त्या झाडाखाली हुब्या व्हत्या, मी जरा हिकडं उनात. माझ्याकडं बघून म्हणाल्या, सावलीत ये की."

वर्षाराणीचं लेखकाचं मन तोवर कामाला लागलं होतं, आणि ते तिलाही कळत होतं. स्टँड, ऊन, झाड, दोघांतलं अंतर, सगळं तिला रंगमंचावर दिसायला लागलं होतं. शेवटचा प्रवेश आयता समोर होता, आणि तो घडलेला होता. अण्णांचीही त्याला हरकत नसती. तिनं जोतीरामच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. मानेवरची ती चकाकणारी चामडी हातानं चोळत होता. तिनं ठरवलं की हे अण्णांना सांगायचं नाही, आणि मंडळींनाही नाही. पुढं नाटकाचे आणखी काही प्रयोग झाले. प्रत्येक वेळी ते चौकशीनंतरच्या त्या बंद दारापाशीच संपलं.

"गेलात सावलीत?" त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं.

"गेलो की," जोतीराम म्हणाला. "मग गाडी आली, त्या बसल्या. मी परत येऊन धारा काढल्या."